सांगून आलेलं कॉलेज

अमेरिकेतल्या एका बड्या कॉलेजाने माझ्या लेकीला मागणी घातली, तेव्हा मी सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकखाली पत्रपेटीपाशी उभा होतो. जाड, गुळगुळीत कागद, लाल विटांच्या इमारती, आणि खाली मजकूर: नेमकी तुझ्यासारखीच व्यक्ती आम्हाला हवी आहे.

लिफ्टमध्ये मी तो तीनदा वाचला. घरात शिरलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, मुलीला स्थळ सांगून आलंय."

"सतरा वर्षांची आहे ती," बायको म्हणाली. मग पत्र वाचून तीही विरघळली.

लेकीला मात्र दुसरंच कॉलेज हवं होतं. लहानसं, कुठल्याशा आडगावातलं. त्यांनी आम्हाला साधं कार्डही धाडलं नव्हतं. आणि नियम असा, की लवकर निकाल हवा तर मुदतीआधीचा अर्ज एकाच कॉलेजाला करायचा. त्यांनी हो म्हटलं की तिथेच जायचं. म्हणजे साखरपुडाच की. मी निकाल दिला, सांगून आलेल्या स्थळाला नाही म्हणू नये.

"बाबा, इट्स जस्ट मेल, लाह."

"मग त्यांना तुझं नाव कसं कळलं?"

"अमेरिकेच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर मीच टिक केलं होतं. कॉलेजांनी कॉन्टॅक्ट करा म्हणून."

मी ते कानाआड केलं. चार दिवस माझं व्याख्यान ऐकून ती थकली आणि मुकाट्याने माझ्या पसंतीच्या कॉलेजासाठी निबंध लिहायला बसली.

शनिवारी मी वरच्या मजल्यावरच्या मराठी मित्राकडे चहाला गेलो. पत्र खिशात होतं, सहज. हा जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनियर. त्याच्या मुलाने तीच परीक्षा निव्वळ टाइमपास म्हणून दिली होती.

"हे होय?" मित्राने टेबलावरचं गरम पातेलं उचललं. खाली तेच पत्र, फक्त नाव मुलाचं. "अशी चार आलीत. चटका बसत नाही टेबलाला."

मी खाली आलो आणि लेकीला विचारलं, हा काय प्रकार आहे?

"घेतात मूठभरच. पण जेवढे जास्त अर्ज, तेवढे जास्त नकार. जेवढे नकार, तेवढं कॉलेज भारी दिसतं."

"म्हणजे पंगतीला बोलवायचं ते पानावरून उठवायला?"

"काहींना वाढतात पण, बाबा. कधीकधी त्यांना खरंच चांगली मुलं मिळतात अशी."

मी पुन्हा गोंधळलो. मग हे आमंत्रण खरं की खोटं? दोन्ही, असं ती म्हणाली. एकच पत्र दोन्ही कसं असू शकतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग अर्ज कुठे करू?" तिने विचारलं. या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

"ज्यांनी बोलावलं नाही, तिथे."

"यू शुअर, आह?"

खात्री कसली, मला काही कळलंच नव्हतं. तरी मी मान हलवली. तिने इतकं खपून लिहिलेला निबंध माझ्यादेखत पुसून टाकला, आणि नवं पान उघडून इतक्या भराभर लिहायला लागली, की मी खुर्ची हळूच मागे घेतली.