मामांची निळी सीट

१० जानेवारी १९९४, सोमवार. काम एकच होतं: पिकअपच्या सीटला नवी कव्हरं शिवून घ्यायची.

मामांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दुकानदाराच्या देखत रेक्झिनच्या ताग्यावर खर्रकन ओरखडा ओढला.

"अरे मामू, माल खराब करते क्या?" दुकानदार ओरडला.

मामांनी ओरखड्यावर अंगठा फिरवला, नख लावून पाहिलं आणि तागा बाजूला सारला. "ह्यो पावसाळाबी काढायचा नाय. दुसरा दाखवा."

मामा आमचे ड्रायव्हर. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याची खोकी करायचा छोटा कारखाना होता. मशीन नवरा बघायचा. माल पोचवणं, गाडी आणि माणसं माझ्याकडे. वाळूजला तेव्हा एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला खोकी लागत होती. गाडीला उसंत नव्हती. सीटची चाळण झाली होती, एक स्प्रिंग तर मामांच्या कमरेत रोज टोचायची. कव्हर हवंच होतं.

काचेपुढे अख्खं देवघर मांडणारे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. मामांच्या गाडीत काही नव्हतं. फोटो नाही, हार नाही, झेंडा नाही, लिंबू-मिरचीसुद्धा नाही. कामावर आले त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "मला मामाच म्हना. मामा म्हनलं की आडनाव लागत नाय." कामगार हसले. मी हसले नाही, कारण त्यांचं लायसन्स मी पाहिलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा गंगापूरकडच्या त्यांच्या गावात दलितांची वस्ती पेटवली गेली. त्यात मामांचं घर गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही टायर बदलताना, पान्याकडे बघत. तेव्हापासून वाटेत कुणी "कोणाचे व्हय तुम्ही?" असं विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं असायचं: "कारखान्याचा."

दुकानदाराने मग तयार कव्हर काढलं. "ये हर गाडी को बैठता."

"बसल्याबिगर कळत नाय," मामा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. चप्पल घेताना, सोयरीक जुळवताना, नवीन साहेबाबद्दल बोलतानाही हेच. त्यांनी कव्हर गाडीच्या सीटवर चढवलं, बसले आणि जोरात ब्रेक दाबला. कव्हरासकट पुढे घसरले. "बघा ताई. ब्रेक मारला की गाडी थांबती आन् म्या पुढं जातो."

शेवटी माप घेऊन शिवायचं ठरलं. जाड रेक्झिन, दुहेरी शिलाई, हँडब्रेकजवळ नेमका काप, खालून ओढून बसवायला हुक. बसायच्या जागी मात्र जाड सुती कापड, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसत्या रेक्झिनवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. इथपर्यंत आमचं दोघांचं एकमत होतं.

मग रंगाचा विषय निघाला. जाड मालात तीनच तागे होते: काळा, तपकिरी आणि निळा. मी तपकिरी धरूनच चालले होते. मामा बराच वेळ ताग्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "निळा."

तो आठवडा कसा होता ते इथल्या माणसांना सांगायला नको. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय संक्रांतीपर्यंत येणार, असं जो तो म्हणत होता. घराघरांत पीठ-मीठ भरून ठेवलं जात होतं. आमच्या शेडमध्ये एका ओळीत जेवणारे कामगार दोन कोपऱ्यांत डबे उघडायला लागले होते. कोण कुठल्या रंगाकडे किती वेळ बघतो, यावरही लोकांचं लक्ष होतं.

"मामा, तपकिरी घ्या. मळ दिसत नाही."

"निळ्यावर तर आजिबात दिसत नाय."

"या आठवड्यात?" मी आवाज खाली आणला.

"ताई, म्या बसलो की झाकतंच की."

दुकानदार वरच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

बसणार ते होते, चालवणार ते होते. मी हो म्हणाले. दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर पहिल्यांदा रस्ता दोन्हीकडे बघून घेतला.

कव्हर बुधवारी चढलं. एक सुरकुती नव्हती. शुक्रवारी निर्णय आला. विद्यापीठाला नाव मिळालं. शहरात कुठे फटाके वाजले, कुठे शटरं धडाधड खाली आली. शनिवारी सकाळी मामा शेडच्या दारात उभे. दाढी केलेली नव्हती.

"ताई, गाडी लागती. म्हातारी गावात एकटी हाय."

अठ्ठ्याहत्तरचं मला आठवलं. त्यांना तर विसरताच आलं नव्हतं. मी म्हणाले, "मीही येते." नवरा म्हणाला, "वेड लागलंय का?" मी पाण्याची बाटली घेतली आणि गाडीत जाऊन बसले. बाई सोबत असली तर गाडीवर हात टाकताना लोक दोनदा विचार करतील, असा माझा हिशोब होता. तो बरोबर आहे की नाही, हे बघायची मात्र इच्छा नव्हती.

गावातली वस्ती चिडीचूप होती. मामांची म्हातारी आई उंबऱ्यावर बसलेली. यायला तयार नाही. "मागल्या टायमाला पळाले. आता पाय ऱ्हायले नायत."

"गाडी दारात हाय. पाय कशाला लागतेत?" मामांनी तिला उचललंच आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं.

तिने सीटवरून हात फिरवला. "नवं हाय व्हय?"

"व्हय."

"आन् निळं?"

"व्हय."

तिने पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

परत येताना वळणावर काळा धूर दिसला. रस्त्यात टायर जळत होते आणि दहा-पंधरा पोरं काठ्या घेऊन उभी होती. गाडी वळवायला जागा नव्हती. मामांनी वेग कमी केला. म्हातारीने माझं मनगट धरलं.

एका पोराने मामांच्या बाजूने खिडकीत डोकं घातलं. "कोणाचे रे तुम्ही?"

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मान ताठ केली. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं, आज हा माणूस कारखान्याचा म्हणणार नाही.

मी आधी बोलले. मोठ्याने. "करमाडच्या पाटलाची लेक आहे मी. गाडी माझी, ड्रायव्हर माझा, ही माझी आई. दवाखान्यात चाललोय. हिला वाटेत काही झालं तर खांदा द्यायला तू येणार आहेस का?"

त्याची नजर सीटवर गेली. "मंग शीट निळी कशी?"

"जाड माल त्याच रंगात मिळाला. पसंत नसेल तर बदलून दे. दुकानाचा पत्ता सांगू?"

मागचं एक पोरगं हसलं. कुणीतरी बॉनेटवर काठी आपटली. "जाऊ द्या रे, म्हातारी हाय."

आम्ही गेलो. बऱ्याच वेळाने मागचा धूर दिसेनासा झाला. त्यानंतर म्हातारीने तोंड उघडलं.

"पाटलाच्या लेकी, मला येवढी गोरी पोर झाली कवा?"

मी हसले, हसता हसता रडले. मामा समोर बघून गाडी चालवत राहिले.

म्हातारीला मामांच्या शहरातल्या घरी उतरवून आम्ही शेडवर आलो. मामांनी गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत.

"ताई, म्या सांगनार व्हतो."

"माहीत आहे. म्हणून तर मी बोलले."

"येवढी वर्सं कारखान्याचाच हाय म्या."

"आणि आई? तिचं काय झालं असतं?"

तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच खोटं बोलेन.

मामा उतरले. गाडीच्या दारावर मालक म्हणून माझं नाव रंगवलेलं होतं. त्याच्या खाली त्यांनी तळवा टेकवला. "हितं चालकाचं नाव टाकायचं ऱ्हायलंय."

"आत्ता? असल्या दिवसांत?"

"कवा टाकायचं ते तुमी बगा," ते म्हणाले, आणि सोमवारी आईला घेऊन दवाखान्यात जायचंय म्हणून सुट्टी मागून निघून गेले.

पुढे मामांनी ती गाडी पुष्कळ वर्षं चालवली. आता मामा नाहीत. कव्हराची शिलाई शेवटपर्यंत उसवली नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. पण त्या शनिवारी मला पुढचं काही दिसत नव्हतं. नावापायी माणसं जळताहेत आणि दारावरचं नाव रस्त्यावर कुणालाही वाचता येतं, एवढंच डोक्यात होतं. झोप लागली नाही.

रविवारी सकाळी मी पेंटरला शेडवर बोलावलं. लायसन्सवरचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पूरा नाम, मॅडम? हफ्ताभर रुक जाओ ना."

मलाही तेच हवं होतं.

"पूरा," मी म्हणाले. "आडनाव मोठं काढ."

तो रंगवत होता तोवर आणि रंग वाळेपर्यंत, मी फाटकाकडे तोंड करून उभी राहिले.