थेंबाआधी पडलेला करंट

सासूबाई म्युनिकला आल्या तेव्हा त्यांनी दाराला बांधलेलं लिंबू मी संध्याकाळी सरबतात पिळलं. माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास आहे ते यावरून कळेल. तरीही हे लिहितेय... कारण हे मी भर दुपारी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

२००७ च्या सुमारास मी तिथल्या एका संस्थेत संशोधक होते. नाशिकची मृणाल माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिचा सेन्सर म्हणजे बोटाएवढी पट्टी — वर सोन्याच्या नॅनोकणांचा लेप, त्यावर अँटीबॉडी. हृदयाला इजा झाली की रक्तात येणारं एक प्रथिन पट्टीला चिकटलं, की करंट पडायचा, म्हणजे स्क्रीनवरची रेष खाली यायची. नॅनोकणांमुळे ते अगदी किंचित असलं तरी सापडतं, हा तिचा दावा. त्या दिवशी बॉसनी तीन नळ्या दिल्या. कशात प्रथिन आहे ते ओळखायचं. चुकलं तर कॉन्ट्रॅक्ट संपलं — थेट नाशिक.

पहिली पट्टी नुसत्या बफरमध्ये, म्हणजे प्रथिन नसलेल्या द्रावणात बुडवली आणि करंट पडला!

"ताई, मी अजून काही टाकलंच नाहीये!"

"वायर सैल असेल."

वायर बदलली. तोच आकडा. मग पहिल्या नळीतला थेंब टाकला, तर रेष जागची हलेना. जणू थेंबाचं काम आधीच उरकलं होतं! दुसरी पट्टी घेतली. थेंबाआधी सपाट, थेंबानंतरही सपाट. तिसरीही थेंबाआधी सपाटच.

"म्हणजे तिसरीत काही नाही. लिहून टाकू?"

"न तपासता? ज्योतिषी आहेस का? टाक मुकाट्याने."

तिने नळी उचलली, तेवढ्यात धाडकन दार उघडून बॉस आत आले. ती दचकली... नळी जमिनीवर, सगळं सांडलं. पोरगी रडायच्या बेतात.

"माख्ट निख्ट्स, काही बिघडत नाही," बॉस हसले, "फ्रीजमध्ये याचीच जास्तीची नळी आहे."

ते फ्रीजकडे वळले मात्र — तिसऱ्या पट्टीची रेष खाली यायला लागली! पहिलीपेक्षाही खोल! जणू थेंब येणार हे तिला आत्ता कळलं! मृणालने माझी बाही इतकी ओढली की एप्रनचं बटण तुटलं.

नव्या नळीतला थेंब टाकला. रेष ढिम्म.

"पहिलीत आहे, दुसरीत नाही, तिसरीत सगळ्यात जास्त," मृणाल एका दमात म्हणाली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बॉस म्हणाले. कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

त्याच बाटलीतल्या कणांचा लेप देऊन मी नंतर कितीतरी पट्ट्या केल्या. मशीन, वायर, तापमान, सगळं तपासलं. कारण आजही सापडलेलं नाही. सगळ्या पट्ट्या शहाण्यासारख्या थेंबाची वाट बघतात... मी मात्र प्रत्येक वेळी थेंब टाकायच्या आधी रेषेकडे बघते.