मोजलेली अंडी

आमच्या गावची अंगणवाडी आमच्याच ओट्यावर भरते, त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. अंगणवाडीची खोली गळते म्हणून तात्पुरती सोय हवी होती, आणि आमचा ओटा मोठा. तात्पुरती म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्यामुळे रोज सकाळी मी चहाचं आधण ठेवते तेव्हा बाहेर वीस-बावीस पोरं बसलेली असतात आणि त्यांच्यापुढे रिना उभी असते.

रिना आमची अंगणवाडी सेविका. म्हसावदच्या बाजूची मुलगी, शहाद्याला बारावी सायन्स केलेली. पुढे बीएस्सी करायची होती, लग्न झालं. नवरा जगदीश मोलगीच्या रस्त्यावर जीप चालवतो. घरात बसून काय करायचं म्हणून ती सेविका झाली, असं गावातले लोक सांगतात. ती स्वतः तसं कधी म्हणालेली मी ऐकलेलं नाही.

तिची शिकवायची रीत वेगळी आहे. हिवाळ्यात ती पोरांना सकाळीच हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर नेते, पानांवरून बोट फिरवून चाखायला लावते आणि विचारते, "दव तर पाणीच ना? मग आंबट कसं?" पोरं तोंडं वाकडी करतात आणि पुन्हा चाखतात. हापशाच्या सावलीवर ती खडूने रेघ मारते आणि खिचडी खाऊन झाल्यावर सगळ्यांना पुन्हा तिथे नेते. सावली रेघ सोडून गेलेली असते. "कोणी हलवला हापसा?" ती विचारते. एकदा एका पोराने शपथेवर सांगितलं होतं की बकरीने हलवला.

हे सगळं कुठे भरायचं, हा मात्र रोजचा वैताग. मोबाईलवरच्या ॲपमध्ये फोटो हवा तो तक्त्यासमोर बसलेल्या पोरांचा. आंबट बोटांचा फोटो काढला तर सुपरवायझरबाई फोनवर विचारतात, "हे काय, पोरं बोटं का चोखतायत? हात धुवायला शिकवलं नाही का?" मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. झाडून घेणं, पाणी भरणं, खिचडी वाढणं सगळं रिनाच करते, आणि नेटवर्क मिळावं म्हणून आमच्या गच्चीवर चढून फोटोही तीच पाठवते.

या जानेवारीत तक्ता आला कोंबडीचा. अंडं, पिल्लू, कोंबडी, पुन्हा अंडं, मधे बाण. कोंबडी पांढरीशुभ्र, पिल्लं पिवळीजर्द. आमच्याकडच्या कोंबड्या काळ्या, तांबड्या, मानेला पिसं नसलेल्या. पोरांनी तक्ता बघितला आणि एकाने विचारलं, "बाई, हाई बगळा शे का?"

तक्ता गुंडाळून ठेवत रिना मला म्हणाली, "वहिनी, दहा घरांमागे एक कोंबडी अंड्यांवर बसलेली आहे, आणि मी यांना बगळा दाखवू?"

तिने मोतीबाईला गाठलं. मोतीबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एकटीच राहते. तिच्या चुलीमागे टोपलीत तांबडी कोंबडी बसवलेली होती. कोंबडी तिचीही नाही. गल्लीतल्या छगनने अर्धेलीने पाळायला दिलेली. पिल्लं निघाली की अर्धी त्याची, अर्धी हिची. त्या अर्ध्या पिल्लांवर मोतीबाईचं पुढचं वर्ष असतं. म्हणून ती आधी नाहीच म्हणाली. मग रिनाने तिचं पाणी भरलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मोतीबाई म्हणाली, "ये मंग. पन गुपचूप राहा सांग पोरेसले."

मीही गेले बघायला. आमच्या घरात अंडं चालत नाही, पण बघायला काय हरकत? रिनाने दार लोटून घेतलं, कोंबडीला हळूच बाजूला केलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची सुरळी, तिच्या एका टोकाला मोबाईलची पेटवलेली बॅटरी, दुसऱ्या टोकाला अंडं. अंधारात ते अंडं आतून लालसर उजळलं. केसांसारख्या बारीक रेषा दिसल्या आणि मधे एक काळा ठिपका. ठिपका हलला.

"रगत शे, रगत!"

"हाली ऱ्हायनं बाई! हाली ऱ्हायनं!"

गल्लीतल्या झिपरूची नात काजल, पाच वर्षांची, तिने तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, ओरडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना. मी बारावीत वहीत हे चित्र काढलेलं आहे, नावं दिलेली आहेत, गुण मिळवलेले आहेत. खरं अंडं आतून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तीन-चार अंडी पोरांच्या हातांतून फिरली. प्रत्येकाला स्वतःला बघायचं होतं, आणि रिनाला नाही म्हणवेना.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग रिनाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चला, आता टोपलीत किती आहेत? मोजा."

"एक! दोन! तीन!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत अकरापर्यंत गेली.

मोतीबाई चुलीपाशी बसली होती ती उठून उभी राहिली. आमच्या गल्लीत बसवलेली अंडी मोजत नाहीत. बाई अंडी ठेवते तेव्हासुद्धा मूठमूठ ठेवते, मनातही आकडा आणत नाही. मोजली की त्यांतून पिल्लं निघत नाहीत, असं सगळ्या मानतात. रिनाही याच मुलखातली, तिलाही हे माहीत. पण दिवसभर पोरांकडून खडे मोज, ताटल्या मोज, चपला मोज करून घेणाऱ्या जिभेला कुठे थांबायचं ते कळलं नाही.

"बसाडेल अंडा कोन मोजस व रिना?" मोतीबाई एवढंच बोलली. मग दार उघडून उभी राहिली. आम्ही सगळे बाहेर पडलो.

पुढचे तीन दिवस गल्लीत काय चाललं होतं ते आम्हाला कळलंच नाही. पोरं घरी गेली आणि ज्याच्या त्याच्या घरी बॅटरी होतीच. मोबाईलची, नाहीतर शेतात पाणी भरायला न्यायची. आया मिरच्या तोडायला गेल्या की पोरं टोपल्यांपाशी. कोंबडीला हाकल, अंडं उचल, बघ, शेजारच्याला दाखव, आणखी एकाला दाखव. त्यात जानेवारीची थंडी. एक कोंबडी वैतागून उठली ती परत बसलीच नाही. दुसऱ्या घरी दोन अंडी हातातून पडली.

चौथ्या दिवशी सकाळी बायका ओट्यावर आल्या. पुढे काजलची आई, झिपरूची सून.

"रिना, मन्ही कोंबडी उठी गई. टोपलीम्हा बसतच नही. आते अंडासवर कोन बसी? मी बसू का?"

मागच्या दोघी हसल्या, पण ती हसत नव्हती.

"तू मोतीमायन्या अंडा मोजाडात," दुसरी म्हणाली. "पोरे घर यीसन आम्हन्याबी मोजी ऱ्हायनात. वाटोळं व्हयनं ना सगळं!"

"शाळाम्हा काय शिकाडानं ते शिकाड. आम्हना घरम्हा कसाले घुसस?"

 रिना काय गिळत होती ते मला दिसत होतं. अंडी मोजल्याने गेली नव्हती, पोरांच्या हातांनी गार पडली होती. आणि पोरांच्या हातात अंडं द्यायला तिनेच शिकवलं होतं. खरं सांगावं तर सगळा दोष अंगावर येतो. मोजल्याचा दोष कबूल करावा तर तो हलका, जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला माफी असते.

एवढ्यात सुपरवायझरबाईंचा फोन आला. कुणीतरी त्यांच्यापर्यंत बातमी पोचवली होतीच. "माफी मागून टाक आणि मिटव. पटसंख्या कमी व्हायला नको."

फोन ठेवून रिना बायकांकडे वळली. "चुकी व्हयनी मावशी," ती म्हणाली. "मोजाडाले नको व्हतात. आते परत नही मोजसूत."

बायका लगेच निवळल्या. काजलची आई म्हणाली, "जाऊ दे, तू काय मुद्दाम करं का?" जाताना एकीने रिनाच्या हातावर दोन बोरंही ठेवली. मिटलं.

मिटलं म्हणजे ओट्यावर बसलेल्या वीस पोरांनी ते सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रिनाने खडे मांडले. "काजल, मोज."

काजलने हात पाठीमागे नेले. "नही."

"का गं?"

"मोजं का मरी जातंस."

रिना हसली. "खडे कसे मरतील?"

काजलचं उत्तर तयार होतं. "तू काल सांगं ना, आते परत नही मोजसूत."

आणि मग ती साथच आली म्हणा. एकाने ताटल्या मोजायचं नाकारलं. एकीने धाकट्या भावाचा हात धरून ठेवला, हजेरीत बाई पोरं मोजतात म्हणून. रिना रोज नवीन युक्ती काढायची. पायऱ्या चढताना म्हणू, टाळ्या वाजवताना म्हणू. पोरं टाळ्या वाजवायची, आकडे म्हणायची नाहीत. मी आतून पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. रिना पोरांवर कधी ओरडत नाही. त्या आठवड्यात दोनदा ओरडली, आणि दोन्ही वेळा नंतर हापशावर जाऊन तोंड धुऊन आली.

"वहिनी, मी त्यांना काय शिकवलं माहितीय?" एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली. "सगळं वर्ष विचारते, का, कशामुळे, बघा, हात लावून बघा. आणि जेव्हा खरंच कशामुळे ते सांगायची वेळ आली तेव्हा मी खोटं सांगितलं. ते मात्र एका दिवसात पाठ झालं."

मी म्हटलं, "मग आता सांग ना खरं."

"सांगू? आणि उद्या ओट्यावर कोण येईल? तुम्ही आणि मी?"

 माझी तव्यावरची पोळी करपली.

मोतीबाईच्या टोपलीत पिल्लं निघाली ती बातमी रिनाला पाणी भरताना कळली. कोंबडी जिद्दीची, टोपली सोडून हलली नव्हती. अकरातून सात निघाली होती. चार तशीच पडून होती. मोतीबाईने ती चार फडक्यात घालून दिली. "ह्या ऱ्हाई ग्यात. फेकानीच शेत. तुले लागतीन ते लई जाय." राग होता की समजूत, ते तिच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

रिना ती अंडी घेऊन आली. माझ्या ओट्यावर आणली नाहीत, आमच्या घराची रीत तिला माहीत आहे. पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ निंबाखाली पोरांना बसवलं, मीही मागोमाग गेले, आणि तिने एक अंडं दगडावर फोडलं.

तो वास! पोरं किंचाळत, नाकं धरत पळाली. एकजण तर धोतऱ्याच्या झुडपामागे जाऊन खोटंखोटं ओकायला लागला, आणि बाकीचे हसून हसून लोळले. पण मग एकेक करून परत आली, नाक चिमटीत धरून, जवळ जवळ सरकत. तेच तर रिनाला हवं असतं.

"मोजेल व्हतात म्हनीसन सडनात," एकाने निकाल दिला.

 रिना शब्द जुळवत होती, असं मला दिसलं. तेवढ्यात काजल नाकातल्या नाकात म्हणाली, "बाई, ज्या पिल्ला निंघनात, त्याबी ते मोजेलच व्हतात ना?"

 पोरं एकमेकांकडे बघत होती. अकराच्या अकरा मोजली होती, सगळ्यांनी मिळून, ओरडून. त्यांतली सात आता मोतीबाईच्या अंगणात दाणे टिपत होती.

"हो," रिना म्हणाली. "तीही मोजलेलीच होती."

"मंग ह्या कसाले सडनात?"

"आपण हातात धरून बसलो ना खूप वेळ? टोपलीत कोंबडीची ऊब असते. हातात ती राहत नाही, थंडी होती. त्याने गेली असतील. हीच ती अंडी का, ते मला नक्की सांगता येत नाही, मी खूण करायला विसरले. काही अंडी अशीच जातात. पण मोजल्याने गेली नाहीत. मी तुमच्या आयांना खोटं सांगितलं."

"खोटं?" पोरांना हे अंड्यापेक्षा भारी वाटलं. बाई खोटं बोलली!

टाकीजवळच्या हापशावर हंडा लावून काजलची आई उभी होती. आम्हा दोघींचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. हंडा भरून वाहायला लागला होता, आणि तिने हापसायचं थांबवलं होतं.

"म्हंजे मन्ही कोंबडी तू उठाडी?" ती म्हणाली.

आता अजूनही सावरता आलं असतं. पोरं घरी जाऊन काय करतील ते मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. मला वाटलं, म्हणेल.

"हो वहिनी," रिना तिला म्हणाली. "पोरांना अंडं उचलायला मी शिकवलं. परत कसं ठेवायचं आणि घरी करायचं नाही, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

 काजलची आई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हंडा डोक्यावर घेतला, दुसऱ्या हाताने काजलचं मनगट धरलं आणि निघाली. रस्त्यात झिपरूच्या बकऱ्या चालल्या होत्या. काजल मागे वळून वळून बघत, बोट दाखवत मोठ्याने म्हणायला लागली, "एक, दोन, तीन…" आईने तिच्या हाताला हिसका दिला. ती क्षणभर थांबली आणि पुन्हा चारपासून सुरू झाली.

रिनाने उरलेली तीन अंडी खड्ड्यात टाकली, माती लोटली, पोरांचे हात साबणाने धुतले.

"उद्या येणार नाही काजल," मला म्हणाली.

नाहीच आली. आज सहावा दिवस आहे.