जोगदंड सरांचं नॉर्मल हृदय

ईसीजीच्या प्रॅक्टिकलला जोगदंड सर स्वतःच शर्टाची बटणं सोडून टेबलावर आडवे होत. "लावा इलेक्ट्रोड. असं नॉर्मल हृदय आख्ख्या मराठवाड्यात सापडायचं नाय!"

बायोमेडिकल इंजिनिअरिंगला आलेलो आम्ही बहुतेक जण डॉक्टरकी हुकलेले. तरी नातेवाईक आम्हालाच बीपीच्या गोळ्या विचारत. सर म्हणत, "रडू नका. डॉक्टर हुशार दिसतो तो आपल्या मशीनमुळं." हे सांगताना ते मधुमेहाची गोळी घेत. गोड चहाबरोबर.

आमच्या बॅचची पाळी आली, तेव्हा कागदावर उमटलेली रेघ पुस्तकातल्यासारखी नव्हती. सरांनीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं, की रेघेतला 'एसटी' नावाचा तुकडा वर चढला, तर हृदयाचा रक्तपुरवठा अडल्याची शंका घ्यायची. एसटी म्हणजे पैठणची बस नव्हे, हा विनोदही त्यांचाच. आता ती एसटी घाट चढत होती.

सरांनी मान वळवून पाहिलं. "अर्थिंगचा प्रॉब्लेम दिसतोय. वायरी बदला."

बदलल्या. तीच रेघ.

"मशीनच जुनं झालंय."

दुसरं मशीन आणलं. आमच्या कॉलेजात दोन मशीनं एकाच दिवशी चालू असणं हाच चमत्कार. त्यात दोघांचं एकमत! पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते. आम्ही माना डोलावल्या.

बिडकीनची अस्मा तेवढी म्हणाली, "सर, मशीन ठीक आहे. तुम्ही ठीक नाय."

तिनं फोन काढला.

"सकाळपासून जरा ॲसिडिटी हाय," सर पुटपुटले. कपाळावर घाम होता.

"उठू नका, सर. गाडी सांगितलीय," अस्मा म्हणाली.

त्याच दुपारी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो, तर सर मॉनिटरच्या वायरीवरून नर्सशी भांडत होते.

तोंडी परीक्षेला ते पुन्हा खुर्चीत होते, जरा वाळलेले. अस्माला त्यांनी एकच प्रश्न विचारला. माझा नंबर तिच्यामागं होता, म्हणून दारातून ऐकू आला.

"मशीन ठीक आहे, हे इतक्या खात्रीनं कसं सांगितलंस?"

"खात्री नव्हती, सर. लई भीती वाटत होती. पण मी चुकले असते तर तुम्ही हसला असता. तुम्ही चुकला असता, तर हसायला कोण राहिलं असतं?"

सरांनी चष्मा काढला, रुमालानं बराच वेळ पुसला.

"जा. पुढच्याला पाठव."