आपल्या संघापुरती सूट

टपाल खात्याच्या व्हॉलीबॉल संघातल्या मुली आपल्या फिजिओथेरपिस्टला तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘चिमटा’. आखडलेली पोटरी तिच्या बोटांत सापडली की मुलीला दिवसाढवळ्या तारे दिसत. हे नाव ताईला चांगलं ठाऊक होतं. एकदा एकीची मांडी रगडता रगडता तिनंच विचारलं, “काय गं, चिमटा आज जास्त तापलाय का?” हसावं की ओरडावं, तेच त्या मुलीला कळेना.

ताईच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ती शाळेत असताना धाकट्या भावाचं कोपर निखळलं. घरच्यांनी त्याला हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं मोठ्या ऐटीत असा काही हिसका दिला, की भावाचा हात पुन्हा कधी पुरता सरळ झालाच नाही. त्या काळी कुणीही पाटी लावावी आणि कुणाचंही अंग पिळावं, विचारणारं कुणी नव्हतं. पुढे परवान्याचा कायदा आला, तोवर ताई शिकून तयार झाली होती. परीक्षेला बसणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत ती होती. परवाना हाती आला, तेव्हा तो चौकटीत घालून तिनं भिंतीवर लावला, तोही बैठकीत नाही, स्वयंपाकघरात.

“अगं, इथे कुणाला दिसणार?” नवरा म्हणाला.

“मला दिसेल की. पाहुण्यांनी बघून काय करायचंय?”

गोष्ट आहे ती नदीपलीकडच्या प्रांतात झालेल्या स्पर्धेची. तिकडचा कायदा वेगळा, परवाना वेगळा. ताईचा परवाना पुलाच्या अलीकडेच संपायचा. पण बाहेरच्या संघाबरोबर येणाऱ्या फिजिओला तिथल्या कायद्यानं सूट दिली होती. स्पर्धा संपेपर्यंत परवान्याशिवाय काम करा, मात्र आपल्याच संघातल्या खेळाडूंवर. दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही. मॅनेजरनं बसमध्ये हे समजावून सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे चिमटा फक्त आमच्याच नशिबी!” सगळी बस हसली. ताईसुद्धा.

संघ चांगला खेळला आणि अंतिम फेरीत पोचला. समोर यजमानांचा संघ होता. त्यांची कर्णधार म्हणजे त्या संघाचा कणाच. ती नेटपाशी उडाली की समोरच्या मुली आधीच माना खाली घालत. पण उपांत्य सामन्यात उडी मारून खाली येताना तिचा पाय आपल्याच मैत्रिणीच्या बुटावर पडला आणि घोटा मुरगळला.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी ताई कपडे बदलायच्या खोलीत टेपच्या गुंडाळ्या मांडत होती. दार ढकलून तीच कर्णधार लंगडत आत आली.

“ताई, आमचा फिजिओ म्हणतो, आज बाहेर बस. नवा आहे तो, घाबरतो. तुम्ही एकदा बघा ना. तुमच्या हाताबद्दल तुमच्या मुली काय काय सांगतात!”

“काय सांगतात ते माहीत आहे मला,” ताई म्हणाली. “पण बाळा, तुझ्या पायाला मला हात लावता येत नाही. इथली माझी सूट माझ्या मुलींपुरती आहे.”

“कुणाला कळणार आहे? मी दार लावते.”

“मला कळेल ना.”

मुलीचा चेहरा पडला. मग ती ताठ झाली. “सरळ सांगा की, मी खेळले तर तुम्ही हराल म्हणून.” आणि पाय ओढत निघून गेली.

ते बोलणं ताईला झोंबलं. तिचे हात शिवशिवत होते. घोट्याला कुठे दाबून बघायचं, हे त्या बोटांनी मनात बघूनही टाकलं होतं. नियम मोडायचा तर प्रश्नच नव्हता. पण स्पर्धेला निघण्याआधी तिनं इथला कायदा बैठक मारून शेवटपर्यंत वाचला होता, आणि त्यात आणखी एक सूट होती. तिथल्या परवानाधारकानं बाहेरच्या परवानाधारकाला सल्ला विचारला, तर तो देता येत होता. हात त्याचा, निर्णय त्याचा. बाहेरच्यानं फक्त बोलायचं.

ताई निघाली. दारात संघाचे प्रशिक्षक आडवे आले. “कुठे?”

“त्यांच्या फिजिओकडे. त्याला सल्ला हवा असेल तर देते.”

“ताई, आयतं ताट समोर आलंय. तिला बसू दे ना बाहेर!”

“सर, तिचा पाय मुरगळला म्हणून आपण जिंकलो, तर मुलींना काय म्हणणार? छान खेळलात?”

सर दारातून सरकले.

यजमानांचा फिजिओ कोवळ्या मिशांचा, चुणचुणीत माणूस होता. ताईनं सल्ल्याची सूट सांगितली, तसा त्यानं मोठा सुस्कारा सोडला. “मी विचारतो तुम्हाला. अगदी रीतसर विचारतो! एक्स-रे काढलाय, हाडाला काही नाही. सूजही आज उतरलीय. तरी हो म्हणायचा धीर होत नव्हता.”

कर्णधाराला बोलावून टेबलावर बसवलं. ताई हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहिली. ती विचारत होती, तो दाबत होता, मुलगी उत्तरं देत होती. मग मुलगी दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभी राहिली, जागच्या जागी उडाली, आडवी पळाली. दुखलं, पण पाय डगमगला नाही.

“तुमची तपासणी अगदी बरोबर आहे,” ताई त्याला म्हणाली. “आता ठरवायचं तुम्ही. आणि ठणका वाढला तर मुकाट्यानं बाहेर यायचं, हे तिच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.”

त्यानं कबूल करून घेतलं आणि टेप बांधायला लागला. टाचेपाशी पट्टी जराशी सैल पडली. ताईची बोटं पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होती. “टाचेवरून परत या,” ती एवढंच म्हणाली. त्यानं पट्टी सोडवून पुन्हा बांधली, आणि ती चोख बसली.

सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. दोन्ही बाजूंच्या मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या. शेवटचा चेंडू त्या कर्णधारानंच मारला, आणि ताईचा संघ हरला. मुली रडल्या. ताईनं एकेकीच्या पोटऱ्या मोकळ्या केल्या, तेव्हा कुणी ओरडलंही नाही.

बक्षीस समारंभात यजमानांच्या फिजिओनं सगळ्यांसमोर सांगितलं, की आपली कर्णधार खेळावी की नाही याचा सल्ला त्यानं समोरच्या संघाच्या ताईंना विचारला होता, आणि त्यांनी खरा सल्ला दिला. टाळ्या थांबेचनात. ताईच्या मुलीही रडक्या डोळ्यांनी उठून टाळ्या वाजवायला लागल्या. कर्णधार नेटखालून वाकून ताईजवळ आली.

“सकाळी मी तोंडाला येईल ते बोलले…”

“सामन्याआधी बोलतात सगळे. आता बर्फ लाव, पाय उशीवर ठेव आणि तुझ्या फिजिओचं ऐक. शहाणा आहे तो.”

परतीच्या बसमध्ये सर ताईच्या पुढच्या बाकावर बसले होते. पूल मागे पडला, तसे ते वळले.

“पुढची स्पर्धा आपल्याकडे आहे. त्यांच्या फिजिओला आपल्याकडे अशीच सूट?”

“अशीच.”

“आणि आपली एखादी पडली तर?”

“तर मी विचारेन त्याला. रीतसर.”

सरांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, “ताई, टाळ्या मी पण वाजवल्या हो. मागे उभा होतो, दिसलो नसेन.”

ताईनं चेहरा खिडकीकडे वळवला. हरलेल्या संघाच्या बसमध्ये इतकं हसू बरं दिसलं नसतं.