उजवी बाजू वर

दिवाणखान्याच्या एका पडद्याला दुमड घालून झाली होती, दुसरा अजून मशीनवर होता. तेवढ्यात खारूताई येऊन शेजारी टेकली आणि म्हणाली, "मावशी, यातलं कापड किती उरेल गं?" एवढ्या गोड आवाजात ती विचारते तेव्हा उरायचं काही नसतंच. दुसरा पडदा तसाच बाजूला पडला.

खारूताई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला आमच्याकडे राहते. सापडेल ते आणून कपाटात दडवते म्हणून ह्यांनी हे नाव ठेवलं. कपाटात काय नाही? मागच्या पानापासून वाचायच्या जपानी चित्रकथा, कागदाचे बगळे, ब्रशने गिरवलेल्या अक्षरांचे ताव. त्या भाषेची शिकवणी ती फोनवरून घेते आणि बाईंचा निरोप घेताना कमरेत वाकते. हे एकदा म्हणाले, "अगं, पलीकडे दिसत नाही ते, कशाला कंबर झिजवतेस?" ती म्हणाली, "काका, न वाकता बोललं की आवाज ताठ येतो." ह्यांनी दोनदा करून पाहिलं.

मला खटकलं ते वेगळंच. तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात हिरव्या केसांच्या, चित्रातल्या एका मुलाची तसबीर, पुढे त्याचे बिल्ले ओळीने मांडलेले, आणि वाटीत एक फूल. देवाची जागा देवाला, असं मी मानते. विचारलंच. ती म्हणाली, "तो देव नाही गं. तिकडची मुलं एखाद्या पात्राला आपलं मानतात. तो गोष्टीत हरला की यांना घास जात नाही." मी विचार केला. कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून जीव टाकणं वाईट कसं म्हणायचं? म्हटलं, "ठेव. पण फूल शिळं राहता कामा नये." तेव्हापासून देवाची फुलं बदलताना मी तिलाही हाक मारते.

तर त्या कापडाचं कारण. तिला प्रबंधासाठी हाच विषय हवा होता: चित्रकथांमधल्या पात्रांसारखे कपडे घरी शिवून घालणारी मुलं, आणि त्यांच्यात टिकून राहिलेल्या जुन्या रीती. विभागप्रमुखांना ते पटेना. जुन्या परंपरांवर लिही, नाहीतर मी देतो तो व्यापारी करारांचा विषय घे, असं त्यांचं म्हणणं. विषय ठरवणाऱ्या समितीपुढे बोलायची एक संधी मिळाली होती. तिथे नाही म्हणाले की पुढची दोन वर्षं करार. जेवताना ती 'करार' म्हणायची तेव्हा पानात कारलं वाढल्यासारखं तोंड करायची.

समितीपुढे तिला त्या पात्रांसारखाच झगा घालून जायचं होतं, घरी शिवलेला. चित्र तिने दाखवलं, पडद्याचं कापड बेतलं आणि शिवलं मी. लांब, सैल, पुढून एकावर एक बाजू येणारा. सोयीसाठी आतून-बाहेरून बंद लावले. इतकी वर्षं बायकांचे कपडे शिवतेय, हात आपोआप गेला: उजवी बाजू वर, डावी आत. घालून उभी राहिली तेव्हा चित्रातूनच उतरल्यासारखी दिसत होती. तिने फोटो काढून असे कपडे शिवणाऱ्या मंडळींच्या फोनवरच्या गटात टाकला.

आदल्या दिवशी दुपारी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. लांबच्या कुणा बाईने मोठ्या अदबीने लिहिलं होतं, 'ताई, झगा सुरेख आहे, पण इतक्यात निघू नका, अजून पुष्कळ जगायचंय तुम्हाला.' जिवंत माणसाची तिकडे डावी बाजू वर असते, बाई असो की पुरुष. उजवी वर घेतात ती मृताच्या अंगावर.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. स्वतःच्या हाताने पोरीला तसलं अभद्र नेसवलं. मी देवाचं नाव घेतलं आणि उसवायची कात्री शोधायला निघाले.

ती मात्र फोनकडे बघत होती. त्या बाईच्या शेऱ्याखाली आणखी कितीतरी जणांनी तेच सांगितलं होतं, बरीचशी तिच्याच वयाची मुलं, रंगीत केसांची. कुणी चेष्टेने, कुणी काळजीने. ती हळूच म्हणाली, "उसवू नकोस, मावशी. हाच माझा मुद्दा आहे."

"मेल्या माणसाचा वेष घालून जाणार तू?"

"आत जाईन तशी. बाहेर येईन ती जिवंत."

मला ते ऐकवेना, पण समजलं. मी पक्की शिवण काढली आणि सगळे बंद कच्च्या टाक्यांनी धरले, एक दोरा ओढला की सुटावेत असे. डाव्या बाजूला दुसरे पक्के बंद लावून आत दडवले. रात्री झोपण्यापूर्वी तिने दहा वेळा तरी ओढून पाहिलं असेल, आणि तितक्यांदा मी टाके घातले.

समितीपुढे काय झालं ते तिनेच परत येऊन सांगितलं. ती आधी तशीच उभी राहिली. कपड्यात काही चुकलंय का, असं विचारलं. कुणालाच चूक सापडली नाही. मग तिने चूक सांगितली, फोटोखालचे शेरे वाचून दाखवले, दोरा ओढला आणि डावी बाजू वर घेऊन बंद बांधले. म्हणाली, ही रीत मला पुस्तकाआधी या मुलांनी शिकवली. विभागप्रमुख आधी हसले, मग त्यांनी तिला त्या बाईचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग खुर्ची पुढे ओढून प्रश्न विचारत राहिले. विषय मान्य झाला. अट एकच, एक प्रकरण निव्वळ वस्त्रांच्या जुन्या नियमांवर.

"करार गेले?" ह्यांनी विचारलं.

"गेले, काका."

ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मी देवापुढे जरा जास्त वेळ बसले.

वस्त्रांवरची पुस्तकं मोठ्या ग्रंथालयात आहेत म्हणे. उद्या सकाळी ती तिथलं वर्षाचं कार्ड काढायला जाणार आहे.