परक्या पट्टीतली परत

तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब तडतडत नाचावेत, तशी सकाळी स्पीकरमधून आधी व्हायोलिनं येतात! नानाखेडा वस्तीतल्या या घरी मी पोळ्या करते. शाळा सातवीतच सुटली, माहेर बार्शीकडे राहिलं. इथले काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या कानांतून बासरी-व्हायोलिनांचे उंच स्वर हळूहळू निघून गेले, खर्जाचे तेवढे उरले. म्हणून जुनी सिंफनी लागली, की मूळ सुरावट परतताना मी हात वर करायचा, एवढंच काम. एवढंच? मला तर ती रोजची परीक्षा वाटते. चुकले, आणि त्यांनी विचारणंच सोडलं तर? आजवर मला काय ऐकू येतं हे दुसऱ्या कुणी विचारलंय?

आणि काकांनी समजावलेली ही रचना किती नवलाची! सुरावट घरच्या पट्टीत जन्मते, तिची सोबतीण भेटते ती दुसऱ्याच पट्टीत. मग दोघी तुकड्यातुकड्यांनी अनोळखी मुलखात हिंडतात, व्हायोलिनांकडून सनईच्या जातीच्या ओबोकडे, तिथून शिंगांकडे, आणि अखेर परततात. सोबतिणीलाही आता घरचीच पट्टी मिळते. माहेर-सासर एक व्हावं तसं!

काल सुरावट ओळखीच्या पावलांनी आली आणि कणकेचा हात मी झटक्यात वर केला. "आली!"

स्पीकरवर तळहात टेकवून बसलेले काका हसले. "फसलीस, बेटा! नगारे कुठे वाजले?"

"पोळी जळतेय," काकू आतून ओरडल्या, "ती उलटायला येणारेत का तुमचे नगारे?"

मी धावत पोळी उलटून आले. काका म्हणाले, त्या काळी दोनच नगारे, घरच्या सा आणि प मध्ये मिळवलेले. परक्या पट्टीत ते गप्प बसतात. ही खोटी परत रचणाऱ्यानं मुद्दाम रचलेली. "आणि फसतो कोण, माहितीये? ज्याला घरी जायची जल्दी असते."

म्हणजे नगाऱ्यांच्या मौनावरूनही घर ओळखता येतं? भीतीपेक्षा हे कुतूहल मोठं झालं.

"काका, पुन्हा लावा नं."

काकूंनी गॅस बंद केला. मी काकांसमोर बसले. खोटी परत आली. मी हात आवरला. खरी आली तेव्हा व्हायोलिनं माझ्या वाट्याला होती, नगारे त्यांच्या. हात वर जाण्याआधीच काकांनी तळहातानं नगारे ओळखून मान डोलावली. आता माझी गरज संपली, असं वाटून मी उठणार, तोच ते म्हणाले, "बैस. बासरी काय करतेय, ते सांग."

आणि मी सांगू लागले.